हरभऱ्याच्या मुळांवरील गांठी थंडीनें मरतात काय?

दर वर्षीं पौष महिना लागला, कात्रजच्या डोंगरावरील गार हवा रात्रीं खालच्या रानांत उतरून बसूं लागली, आणि हरभऱ्याच्या शेंड्यावर पिवळी झांक आली, म्हणजे आमच्या बाजूस एकच बोलणें ऐकूं येतें: "थंडीनें मुळांवरच्या गांठी मेल्या, आतां युरिया टाकल्यावांचून गत्यंतर नाहीं." हें बोलणें खरें धरून शेतकरी खर्च करतो. प्रस्तुत लेखकानेंहि एके वर्षीं तो केला आणि नुकसान सोसलें. तेव्हां या बोलण्यांत खरें किती व खोटें किती, आणि मुळांवरील गांठी थंडींत कशा राहतात, याचा विचार वाचक शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, लेखक कोणी शास्त्रज्ञ नव्हे. शिक्षण मराठी शाळेंतलें, आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें, आणि आतां सेवानिवृत्तीनंतर घाटापलीकडे शिवापूरच्या अंगास वडिलोपार्जित सव्वा एकर जमीन आहे तिची वहिवाट स्वतः करीत आहे. राहणें मात्र कात्रजास. कात्रज आतां पुणें शहरांत गेलें. पेशवाईंत बांधलेल्या तळ्याभोंवतीं जेथें रानें होतीं तेथें घरें झालीं. जीं थोडीं रानें उरलीं तीं घाटाच्या पायथ्याशीं व पलीकडे. ज्याची जमीन थोडी, त्यानें तिच्या पोटांत काय शिल्लक आहे हें अधिक काळजीनें पाहिलें पाहिजे. म्हणून हा खटाटोप.

गांठ म्हणजे काय?

हरभरा, तूर, मूग, उडीद, मटकी, वाटाणा, भुईमूग, लसूणघास इत्यादि शेंगांच्या कुळांतील पिकांच्या मुळ्यांवर ज्या बारीक गांठी येतात, तो रोग नव्हे. कित्येक शेतकरी सूत्रकृमीच्या गांठी व या गांठी यांचा घोटाळा करतात. सूत्रकृमीनें मुळीच फुगते; ती फुगोटी मुळीपासून वेगळी निघत नाहीं. आपण ज्यांचा विचार करीत आहों त्या गांठी मुळीच्या बाजूस चिकटलेल्या असून नखानें सहज निघतात.

जमिनींत रायझोबियम नांवाचे, डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतु असतात; यांसच हल्लीं जिवाणू म्हणतात. बीं उगवलें म्हणजे त्याची मुळी एक प्रकारचा स्राव सोडून आपल्या ओळखीच्या जंतूस बोलावणें धाडते. जंतु त्यास प्रतिसाद देतो. मग मुळीवरील कोवळा केस वांकडा होऊन जंतूस आंत घेतो, आणि मुळी त्याच्यासाठीं गांठ बांधूं लागते. भुईमुगांत मात्र जंतु केसांतून न शिरतां, उपमुळी फुटतांना जी बारीक भेग पडते तींतून शिरतो. आंत गेल्यावर व्यवहार सरळ आहे. पीक जंतूस साखर पुरवितें, आणि जंतु हवेंतील नत्र पकडून पिकास देतो. हवेच्या १०० भागांत सुमारें ७८ भाग नत्रच असतें. परंतु त्या स्थितींत तें कोणत्याहि पिकास स्वतः घेतां येत नाहीं.

प्रत्येक जंतूची पिकें ठरलेलीं असतात. हरभऱ्याचा जंतु निराळा. वाटाणा, मसूर व लाख यांचा एक. लसूणघास व मेथी यांचा एक. मूग, उडीद, मटकी, चवळी, तूर, भुईमूग व ताग यांचा बहुधा एका गटांतला. आणि सोयाबीनचा आणखी वेगळा. म्हणून शेतांत मूग उत्तम आला, एवढ्यावरून हरभऱ्याचा जंतु तेथें आहेच असें मानूं नये.

हरभऱ्याचा बेवड चांगला, त्यावर ज्वारी किंवा ऊस जोम धरतो, हें आपल्या वाडवडिलांस पक्कें ठाऊक होतें. त्याचें कारण १८८६ सालीं जर्मनींतील हेलरीगेल व विल्फार्थ या दोघांनीं दाखवून दिलें, आणि १८८८ सालीं हॉलंडांतील बायेरिंक यानें तो जंतु गांठींतून काढून वेगळा वाढविला. अर्थात् अनुभव आपला जुना, आणि कारणाचा शोध सव्वाशें वर्षांहून थोडा अधिक जुना, असें म्हणावें.

चालू गांठ ओळखण्यास नखाखेरीज दुसरें हत्यार नको. गांठ चिरली असतां आंतून गुलाबी किंवा तांबूस दिसली, तर ती काम करीत आहे. हा रंग आपल्या रक्तांतील लाल द्रव्याच्या जातीच्या एका द्रव्याचा असतो. जंतूस श्वासासाठीं प्राणवायु हवा, परंतु नत्र पकडण्याचें त्याचें साधन प्राणवायूच्या अतिरेकानें बिघडतें. तेव्हां तो मोजून मापून पोंचविण्याचें काम हें लाल द्रव्य करतें. आंतून पांढरी असेल तर गांठ कोवळी किंवा निकामी. हिरवट वा तपकिरी असेल तर तिचें आयुष्य संपत आलें असें समजावें.

गांठींच्या घडणींत दोन प्रकार आहेत, व थंडीचा विचार करतांना ते लक्षांत ठेवले पाहिजेत. मूग, उडीद, सोयाबीन यांची गांठ वाटोळी असते. ती एकदां भरली कीं तिची वाढ संपली. वाटाणा, हरभरा, लसूणघास यांची गांठ लांबट असून तिचें टोंक वाढतें असतें. तिचा मागचा भाग म्हातारा होतो आणि पुढचा भाग नवा होत जातो.

बर्फाच्या मुलखांत काय होतें?

जेथें चार-पांच महिने जमीन बर्फाखालीं असते, तेथील गांठींचें काय होत असेल, असा प्रश्न आपणांस सहज पडतो. आणि त्याचें उत्तर आपल्याहि उपयोगाचें आहे. त्या मुलखांत गांठींचा निभाव दोन रीतींनीं लागतो.

पहिली रीत एका हंगामाच्या पिकांची. वाटाण्याचें झाड मेलें कीं गांठहि मरते व कुजते. वांचतो तो जंतु. वाटाण्याच्या गांठींत नत्र पकडण्याच्या कामाला जुंपलेले जंतु इतके फुगलेले व बदललेले असतात कीं, त्यांस पुन्हां आपली संतति वाढवितां येत नाहीं. परंतु गांठींत कांहीं जंतु कामाला न लागतां मूळच्या रूपांत शिल्लक असतात. गांठ कुजली कीं ते मातींत मिसळतात व पुढील पिकाची वाट पाहतात. कणगीतलें धान्य खाऊन संपलें तरी बियाण्याचें गाडगें वेगळें राखलेलें असतें, तशांतलाच हा प्रकार.

दुसरी रीत अनेक वर्षें राहणाऱ्या पिकांची, जसें लसूणघास किंवा क्लोव्हर नांवाचें तिकडील चाऱ्याचें पीक. दिवस लहान होऊं लागले कीं हीं झाडें आपल्या मुळांत व बुडख्यांत साखरेचा सांठा करतात. पाला गेला तरी बुडखा जिवंत राहतो. गांठीचा मागचा भाग अंशतः झिजतो, परंतु वाढतें टोंक निजल्यासारखें राहतें, आणि वसंत ऋतूंत तेथूनच नवी वाढ होते. ऑस्ट्रेलियांतील उंच डोंगरांवर क्लोव्हरच्या गांठी बर्फाखालीं हिंवाळा काढून पुन्हां कामास लागतात, असें तेथील शास्त्रज्ञांनीं पाहिलें व १९६३ सालीं प्रसिद्ध केलें. येथें बर्फाचाहि एक उपकार असतो. वरची हवा शून्याच्या कितीहि खालीं गेली, तरी बर्फाच्या जाड थराखालीं जमीन शून्याच्या आसपासच राहते. बर्फ म्हणजे जमिनीवरील गोधडीच.

यापेक्षांहि पुढची गोष्ट कॅनडाच्या अगदीं उत्तरेकडील, ध्रुवाजवळच्या प्रदेशांतील आहे. तेथें शेंगांच्या कुळांतील रानटी झुडपें आहेत, आणि त्यांच्याहि मुळांवर गांठी असतात. त्या गांठींतून काढलेले जंतु ० अंशालाहि हळूहळू वाढतात असें आढळलें आहे. प्रयोगशाळांतून तर रायझोबियमचें वाण वर्षानुवर्षें टिकविण्यासाठीं तें मुद्दाम गोठवून ठेवतात. पुनःपुन्हां गोठणें व वितळणें झाल्यास जंतूंपैकीं कांहीं मरतात हें खरें. परंतु वस्ती उरते.

या सर्वांचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर असें: थंडीनें जंतु झोपतो, मरत नाहीं.

आपल्याकडील थंडी

आतां आपल्या रानाकडे येऊं. पुण्याच्या वेधशाळेंत १७ जानेवारी १९३५ रोजीं किमान उष्णतामान १.७ अंश सेल्सिअस इतकें नोंदलें गेलें होतें. एवढी थंडी क्वचित् पडते. एरवीं जानेवारींत पहांटेचें उष्णतामान बहुधा ८ ते १२ अंशांच्या दरम्यान असतें. डोंगराच्या कुशींतील खोलगट रानांत तें शहरापेक्षां आणखी कांहीं अंश उतरतें, कारण गार हवा जड असल्यामुळें पाण्यासारखी उतारानें खालीं येऊन साचते. परंतु हें उष्णतामान हवेचें झालें. गांठ हवेंत नसते, मातींत असते. दिवसाचें ऊन मातींत मुरतें व रात्रीं हळूहळू निघतें. वरच्या दोन बोटांच्या थरांत दिवसरात्रीचा फरक मोठा असतो, चार-सहा बोटें खालीं तो बराच कमी होतो, आणि सुमारें फूटभर खालीं जवळजवळ नाहींसाच होतो. ज्यांस खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनीं पहांटे साधा उष्णतामापक चार बोटें मातींत खोंचून पाहावा.

हरभऱ्याचा हिशेब तर आणखी सोपा आहे. तो दिवाळीच्या मागेंपुढें पेरतात. सुमारें तीन आठवड्यांनीं गांठी दिसूं लागतात. फुलाच्या वेळीं त्या भरांत असतात. घांटे भरूं लागले कीं झाड आपली साखर दाण्याकडे वळवितें व गांठी उतरणीस लागतात. आणि फाल्गुनांत काढणीच्या वेळीं त्या बहुतेक संपलेल्या असतात. म्हणजे हरभऱ्याची गांठ हिंवाळ्यांतच जन्मते, हिंवाळ्यांतच कमावते आणि हिंवाळ्याबरोबरच जाते. जी गांठ थंडींत वाढण्यासाठींच आहे, ती आपल्याकडील थंडीनें मरते असें म्हणणें बरोबर नाहीं.

याचा अर्थ थंडीचा कांहींच परिणाम होत नाहीं असा नव्हे. माती १५ अंशांच्या खालीं गेली कीं नव्या गांठी धरण्यास उशीर लागतो व जुन्या गांठींचें काम मंदावतें. यास्तव कडाक्याच्या आठवड्यांत पीक थोडें फिकें दिसतें; ऊन तापूं लागलें कीं आपोआप सावरतें. उशिरां पेरलेल्या हरभऱ्यास गांठी धरण्याच्या ऐन वेळीं थंडी गांठते, म्हणून त्याचें अधिक नुकसान होतें. वेळेवर पेरणी हाच यावर उपाय, युरिया नव्हे.

लसूणघासाची गोष्ट थोडी निराळी आहे. कात्रजच्या दूध संघामुळें आसपासच्या गांवीं दुधाचा धंदा करणारे पुष्कळ, व त्यांच्या बांधावर घासाचे वाफे असतात. घास दोन-तीन वर्षें राहतो. प्रत्येक कापणीनंतर पाला गेल्यामुळें गांठींस साखर मिळेनाशी होते व त्यांचें काम पडतें. नवा फुटवा आला कीं पुन्हां चालूं होतें. बर्फाच्या मुलखांत जें वर्षांतून एकदां होतें, तें आपल्या घासांत दर तीन-चार आठवड्यांस विळ्यानें होतें. म्हणून घास अगदीं कोवळा व जमिनीशीं घासून कापूं नये.

खरा वैरी: ऊन, कोरड आणि साचलेलें पाणी

कांहीं जातींचे जंतु संकटकाळीं स्वतःभोंवतीं कठीण कवच करून बसतात. रायझोबियमला तें साधत नाहीं. थंडींत त्याचें अडत नाहीं. परंतु मे महिन्यांतील आपलें रान त्याची खरी परीक्षा घेतें.

भारतीय हवामान खात्याची कृषिहवामान शाखा १९३२ सालीं पुण्यांतच सुरू झाली. डॉ. एल. ए. रामदास हे तिचे प्रमुख होते. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या दशकांत पुण्याच्या काळ्या जमिनीची उष्णता निरनिराळ्या खोलींवर मोजली. उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग उन्हाळ्यांत दुपारीं ६० अंशांच्याहि वर तापतो. त्यावर पांढरी पूड पसरली तर तो पुष्कळ थंड राहतो, असेंहि त्यांनीं दाखविलें. ६० अंशांच्या मातींत जंतूचा निभाव लागणें कठीणच. मग तो पुढच्या दिवाळीपर्यंत वांचतो कसा?

एक तर तो खालच्या थरांत असतो, जेथें ही आंच पोंचत नाहीं. दुसरें, काळी मातीच त्याचें रक्षण करते. आपल्या काळ्या जमिनींत माँटमोरिलोनाइट नांवाची अतिशय बारीक चिकणमाती असते. तीच उन्हाळ्यांत भेगाळते व पावसांत फुगते. तिचे कण जंतूभोंवतीं लेप देतात व ओलावा धरून ठेवतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रेताड जमिनींत क्लोव्हरचे जंतु उन्हाळ्यांत मरून जात. तेथें अशी चिकणमाती मिसळली असतां ते वांचले, असें १९६० च्या दशकांतील प्रयोगांत दिसून आलें. यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ज्या काळ्या रानांत हरभरा दोन-तीन वर्षांआड होतो, तेथें जंतूंची वस्ती बहुधा टिकून असते. मुरमाड, माळाच्या व बरड रानांत ती लवकर ओसरते.

दुसरा वैरी साचलेलें पाणी. गांठींतील जंतूस श्वास लागतो हें वर सांगितलेंच. काळ्या जमिनींत पाणी तुंबलें कीं मातींतील हवा निघून जाते व गांठ गुदमरते. याचा धडा लेखकास कसा मिळाला तें आतां सांगतों.

स्वतःची चूक

चार वर्षांपूर्वीं जानेवारींत थंडीची लाट आली. पाणी दिल्यानें जमीन उबदार राहते असें ऐकलें होतें, म्हणून फुलावर आलेल्या हरभऱ्यास सायंकाळीं पाटानें भरपूर पाणी दिलें. खालचा निम्मा भाग दोन दिवस ओला चिंब राहिला. आठवड्यांत पीक पिवळें पडलें. झाड उपटून पाहिलें तों गांठी तपकिरी व मऊ. चार जणांनीं सांगितलें, थंडीनें मेल्या. आणि मींहि एक गोणी युरिया फेंकला. पीक हिरवें झालें, किंबहुना माजलें. पाला वाढला, नवी फुलें उशिरां आलीं, आणि घांटे भरण्याच्या सुमारास ऊन लागलें. पांच पोतीं होतील असा अंदाज होता, तेथें तीन झालीं.

युरिया फेंकीत असतांना शेजारच्या रानांतले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांस आम्ही सारे आप्पा म्हणतों, बांधावर उभे होते. ते म्हणाले, "भाऊसाहेब, बांधाकडचीं झाडें हिरवींगार आहेत तुमचीं. थंडी काय बांधापर्यंत येऊन मागें फिरली?"

मीं त्या वेळीं हंसण्यावारीं नेलें. सायंकाळीं मात्र तें बोलणें मनांतून जाईना. दुसऱ्या दिवशीं खुरपें घेऊन गेलों व वरच्या अंगास, जेथें पाणी चढलें नव्हतें, तेथील पांच झाडें मातीसकट खणून काढलीं. बीं तेंच, पेरणी त्याच दिवसाची, थंडी तीच. गांठी टपोऱ्या, आणि चिरून पाहिल्या तर आंतून गुलाबी. खालच्या अंगास मात्र सर्व तपकिरी. गांठी थंडीनें मेल्या नव्हत्या. मींच पाण्यानें गुदमरविल्या होत्या, आणि वरून युरिया टाकून उरल्यासुरल्यांसहि कामावरून काढलें होतें. कारण जमिनींत आयतें नत्र मिळूं लागलें कीं पीक गांठींस साखर देणें आंखडतें व नव्या गांठी बांधीत नाहीं. तीस वर्षें दुसऱ्यांच्या शेतांची पीकपाहणी कागदावर उतरविली. स्वतःच्या शेताची पाहणी मात्र खुरप्यानें करावी लागते हें तेव्हां कळलें.

दुसरा धडा संवर्धनाच्या पाकिटाचा. माझ्या रानाच्या माथ्यावर पांच गुंठे मुरमाड तुकडा आहे. तेथें पुष्कळ वर्षांत हरभरा नव्हता. पुढील वर्षीं त्यासाठीं एका दुकानांतून रायझोबियमचें पाकीट आणलें. तें दुकानाच्या दर्शनी भागीं उन्हांत टांगलेलें होतें याकडे मीं लक्ष दिलें नाहीं. बियाण्यास लावलें, परंतु लावलेल्या व न लावलेल्या ओळींत कांहींच फरक पडला नाहीं, दोहोंकडे मुळ्या उघड्या. त्याच्या पुढील वर्षीं ताजें पाकीट कृषि महाविद्यालयांतून आणलें व पेरणीपर्यंत ओल्या फडक्यांत गुंडाळून पाण्याच्या माठाशेजारीं सांवलींत ठेवलें. त्या वर्षीं लावलेल्या ओळींत पंचेचाळिसाव्या दिवशीं प्रत्येक झाडास मोजण्याइतक्या गुलाबी गांठी होत्या. न लावलेल्या ओळींत तुरळक. बर्फांत जगणारा जंतु दुकानाच्या उन्हांत मेला होता.

जमाखर्च

गांठींचें मोल किती, याचा हिशेब सोपा आहे. एक क्विंटल हरभऱ्यांत सुमारें २० किलो प्रथिन असतें, त्यास ६.२५ नें भागिलें असतां ३.२ किलो नत्र निघतें. युरियांत शेंकडा ४६ नत्र असतें. म्हणजे एका क्विंटल दाण्यांतलें नत्र हें ७ किलो युरियाइतकें झालें. एकरीं आठ क्विंटल दाणे घेणाऱ्याच्या पिकांत केवळ दाण्यांतच सुमारें ५६ किलो युरियाचें नत्र असतें. ४५ किलोच्या एका गोणीहून अधिक. गांठी चांगल्या असल्यास याचा मोठा भाग हवेंतून आलेला असतो.

परंतु जमेच्या बाजूबरोबर खर्चाचीहि बाजू पाहिली पाहिजे. हें नत्र दाण्याबरोबर बाजारांत जातें. जमिनींत शिल्लक राहतें तें मुळ्या, कुजलेल्या गांठी व गळलेला पाला यांतलें. हरभरा मुळासकट उपटून खळ्यावर नेला व भुसाहि विकून टाकला, तर बेवडाच्या खात्यावर फारसें कांहीं राहत नाहीं. पुष्कळांची समजूत असते कीं, हरभरा नुसता पेरला म्हणजे जमीन सुधारली. तसें नाहीं, काय नेलें आणि काय ठेवलें, यावर बेवड ठरतो.

कर्तव्य सूचना

(१) पेरणीनंतर ४० ते ४५ दिवसांनीं शेताच्या निरनिराळ्या भागांतील पांच-सहा झाडें खुरप्यानें मातीसकट काढावीं, पाण्यांत अलगद धुवावीं व गांठी चिरून रंग पाहावा. उपटूं नयेत, उपटल्यास गांठी जमिनींतच राहतात व नाहींत असा भ्रम होतो.

(२) गांठी गुलाबी असतील व पीक थंडीनें थोडें फिकें दिसत असेल, तर कांहींहि टाकूं नये; आठ-दहा दिवस धीर धरावा. चुनखडीच्या जमिनींत कोवळीं पानें पिवळीं पडून शिरा हिरव्या राहिल्या, तर तो लोहाच्या कमतरतेचा दोष असूं शकतो. तोहि युरियानें जात नाहीं.

(३) हरभऱ्यास पेरणीच्या वेळीं हेक्टरीं २५ किलो नत्र व ५० किलो स्फुरद, म्हणजे एकरीं सुमारें १० व २० किलो, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. गांठी धरेपर्यंत रोपास आधार म्हणून एवढें नत्र पुरें होतें.

(४) जेथें हरभरा तीन-चार वर्षांत झाला नाहीं, किंवा जमीन मुरमाड आहे, तेथें बियाण्यास हरभऱ्याचेंच रायझोबियम लावावें. सोयाबीनचें किंवा मुगाचें चालत नाहीं. २५० ग्रॅमचें पाकीट १० किलो बियाण्यास पुरतें. गुळाचें पाणी करून थंड झाल्यावर त्यांत संवर्धन कालवावें, बियाण्यास हलक्या हातानें चोळावें, सांवलींत सुकवावें व त्याच दिवशीं पेरावें. बुरशीनाशक लावावयाचें असेल तर तें आधीं, आणि रायझोबियम सर्वांत शेवटीं.

(५) पाकिटावरील मुदत पाहावी. उन्हांत ठेवलेलें पाकीट फुकट मिळालें तरी घेऊं नये.

(६) काळ्या जमिनींत हरभऱ्यास पाणी हलकें द्यावें. तुषार सिंचनाची सोय असल्यास उत्तम. थंडीच्या भीतीनें पाणी तुंबवूं नये.

(७) काढणी विळ्यानें करावी, मुळ्या जमिनींत राहूं द्याव्या; भुसा गुरांस घालून शेणखताच्या रूपानें त्याच रानांत परत आणावा.

(८) उन्हाळी नांगरट तण व किडी यांसाठीं करणें इष्टच आहे. तिनें वरच्या थरांतील जंतूंची थोडी हानि होते. परंतु खालच्या थरांतील वस्ती राहते. अशा रानांत पेरणीच्या वेळीं संवर्धन लावलें कीं ती उणीव भरून निघते.

येणेंप्रमाणें, थंडीवर घातलेला आळ बहुतांशीं खोटा आहे. बर्फाखालीं निजून उठणारा हा जंतु आपल्या पौषांतील गारठ्यास भीत नाहीं. त्यास मारतें तें वैशाखाचें ऊन, तुंबलेलें पाणी, आणि आमचा उतावीळ हात. या हंगामांत युरियाची गोणी फोडण्यापूर्वीं प्रत्येक शेतकऱ्यानें पांच झाडें खणून पाहिलीं, आणि बांधाकडचीं व खोलगटांतलीं झाडें शेजारीं शेजारीं ठेवून ताडलीं, तर या लेखाचें सार्थक झालें असें लेखक समजेल. आप्पांस तें कोणींहि न शिकवितां दिसलें होतें. आपणांस निदान सांगितल्यावर तरी दिसावें.